माझ्या मुलाला पारखायला आलेला माणूस

माझ्या मुलाची कोणी तोंडभर स्तुती केली, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: ह्या माणसाला आपल्याकडून नेमकं काय हवंय? स्वभावच तसा, काय करणार. त्यात धंदाही तोच. गेली अठरा वर्षं मी शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय. कोणी छाती फुगवून 'झालं, एकदम मस्त चालतंय' म्हटलं, की त्यात कुठे घोळ आहे ते शोधायचं, ह्याचाच मला पगार मिळतो. नवरा म्हणतो, ही बाई ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिते. म्हणू दे.

तर आयोवातल्या एका छोट्या कॉलेजचा फुटबॉल कोच आमच्या घरी येतो म्हणाला, तेव्हा माझे कान टवकारले. मुलगा तेव्हा बारावीत होता. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा. त्यात आमचं ध्यान वाइड रिसीव्हर. म्हणजे मैदानाच्या कडेने सुसाट पळायचं आणि लांबून फेकलेला चेंडू, अंगाला माणूस चिकटलेला असताना, झेलायचा. सहावीपासून पोराला दुसरं काही सुचलेलं नाही. शाळा संपली की कॉलेजच्या टीममध्ये खेळायचं, एवढंच डोक्यात. मोठ्या कॉलेजांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ह्या एकाच कोचने त्याचे व्हिडिओ बघून फोन केला. रिसीव्हरची एकच जागा उरली होती आणि यादीत दोन मुलं होती, आमचा आणि विस्कॉन्सिनचा कोणीतरी. ह्या भेटीनंतर ठरणार होतं.

फोनवर कोच म्हणाला, तुमचा मुलगा स्पेशल आहे. झालं! आयोवाहून बर्फात चार तास गाडी चालवत कोणी स्पेशल म्हणायला येतं का? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी त्या कॉलेजची वेबसाइट पालथी घातली, दोन वर्षांचे टीमचे फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि मधल्या काळात गायब झालेले चेहरे मोजले. वहीत प्रश्न लिहून ठेवले. नवरा म्हणाला, अगं, कोच येतोय, इन्कम टॅक्सवाला नाही.

मंगळवारी चार वाजता तो आला. दारातच न सांगता बूट काढले. ह्याला कोणी शिकवून पाठवलंय, मी मनात म्हटलं. पोहे दोनदा घेतले, मिरची लागून डोळ्यांत पाणी आलं तरी तिसऱ्यांदा घेतले. इतकं गोड वागणारा माणूस मला पचत नाही.

मग त्याने खिशातून टेप काढली आणि पोराला टेबलावर पंजा पसरायला लावून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मापला. आम्ही ज्याला वीत म्हणतो ती. पुन्हा एकदा मापली. नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. नवरा पाच फूट सहा. मग मला विचारलं, तुमचे भाऊ किती उंच आहेत? बैलबाजारात दात बघतात तसं चाललं होतं. मला राग येत होता, आणि पोरगा मात्र अंग चोरून, श्वास धरून बसला होता. त्याचा एक गुडघा टेबलाखाली सारखा हलत होता. दुसऱ्या कोणाला दिसलं नसेल, मला दिसलं.

कोचने लॅपटॉपवर व्हिडिओ लावले. गंमत म्हणजे चेंडू झेलल्यावर तो व्हिडिओ थांबवतच नव्हता. थांबवायचा ते पोराच्या पायांवर. सुसाट पळताना एकदम थांबून वळायचं कसं, ते बघत होता. मला वाटलं, झेल बघायचे सोडून हा पाय का बघतोय? काहीतरी खोट शोधून ऐन वेळी नाही म्हणायची तयारी दिसतेय.

मग मी माझी वही काढली. गेल्या वर्षी किती मुलं घेतली? नऊ. त्यातली किती टिकली? पाच. उरलेल्या चौघांचं काय झालं? कोच म्हणाला, दोघांना झेपलं नाही, एकाचा गुडघा गेला आणि एकाला ओळखण्यात माझी चूक झाली. उत्तर सरळ होतं. पण सरळ उत्तर देऊन विश्वास मिळवणारेही मी पाहिलेत. मी सगळं लिहून घेतलं.

शेवटी त्याने पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाला, "मॅम, व्हिडिओ मी पाहिलेत. पण ह्याला सगळ्यांत जास्त तुम्ही ओळखता. तुमचं मत काय?"

आता इथे आपल्या माणसाला काही सांगावं लागत नाही. मला बघायला पाहुणे आले होते तेव्हा माझी आई म्हणाली होती, हिला अजून धड पोळ्याही येत नाहीत हो. पाहुणे हसले, कारण त्यांना कळलं की मुलगी हुशार आहे आणि घर वळणाचं आहे. आपल्या पोराचं आपणच कौतुक करायचं नाही, परक्यासमोर तर नाहीच. एक तर दृष्ट लागते, दुसरं म्हणजे ते असभ्य दिसतं. समोरच्याने म्हणायचं, 'छे हो, असं काय म्हणता,' आणि मग चहा. हे इतकं अंगात मुरलंय, की तोंड आपोआप चालू झालं.

मी म्हटलं, कसला स्पेशल! आळशी आहे. दहा हाका मारल्याशिवाय उठत नाही. ह्या सीझनमध्ये सहा सोपे चेंडू हातातून सोडले, माझ्याकडे लिहिलेले आहेत. अजून खूप कच्चा आहे. इंग्रजीत ते जरा जास्तच स्वच्छ ऐकू आलं.

मी वाट बघत होते, कोच आता 'छे हो' म्हणेल. तो म्हणाला नाही. मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, इतकी प्रामाणिक आई मी अजून पाहिली नाही. दोन दिवसांत कळवतो. आणि लाज वाटते सांगायला, मला त्या वाक्याचा अभिमान वाटला! नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघ, मी त्याला एक शब्द गोड बोलले नाही. पोरगा ताटल्या उचलून गेला. कधी नव्हे ते स्वतःहून.

दोन दिवस झाले, तीन झाले. फोन नाही. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि कोचलाच फोन लावला. भांडायच्या तयारीत होते. गोड बोलून गळा कापतात ते असे, हे त्याला नीट ऐकवायचं होतं.

कोच गोंधळला. म्हणाला, "मॅम, तुमच्या मुलाने बुधवारीच माझ्या यादीतून नाव काढून घेतलं. तुम्हाला माहीत नाही?"

मी 'नाही' म्हटलं. त्याने मेल वाचून दाखवला. तीनच ओळी होत्या. पोराने लिहिलं होतं, माझी आई चुका शोधण्याचंच काम करते आणि तिचं सहसा चुकत नाही. मी कच्चा आहे असं ती म्हणते, तर मी असेन. दुसऱ्याची जागा अडवू नये.

कोच म्हणाला, तो आमच्या मुलालाच घेणार होता. सुटलेले चेंडू त्याने शिकवून सुधारले असते. विस्कॉन्सिनच्या मुलाला तो संध्याकाळी सहाला कळवणार होता. तोपर्यंत आमच्याकडून फोन आला तर बघू म्हणाला, पण फोन मुलाने करायचा, आईने नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी साहेबाला काहीबाही सांगून घरी आले. पोरगा शाळेतून आला तेव्हा पावणेचार झाले होते. मी त्याला कोट काढू दिला नाही. म्हटलं, मी त्या दिवशी खोटं बोलले. तू चांगला खेळतोस. फार चांगला खेळतोस.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कोचकडे पाहत होते.

"डिड ही कॉल यू?" त्याने विचारलं. "हे बोलायला त्याने सांगितलं?"

मी म्हटलं, नाही, फोन मीच केला होता; सहाच्या आत तू केलास तर तो बघू म्हणालाय, पण हे माझं मी बोलतेय. त्याला पटलं नाही. का पटावं? सतरा वर्षांत असं वाक्य त्याने माझ्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, तर तो म्हणाला, ओके आई, आणि जिन्याकडे वळला. मी त्याची बाही धरली. म्हटलं, उन्हाळ्यात तू रोज गॅरेजच्या भिंतीवर ओला टेनिस बॉल मारून एका हाताने झेलायचास. सलग वीस झाल्याशिवाय घरात यायचं नाही असं तुझं चालायचं. एकदा एकोणिसावा सुटला. आसपास कोणी नव्हतं, वीस म्हणून आत आला असतास तरी चाललं असतं. तू पुन्हा एकपासून सुरू केलंस. हे कोचला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही.

तो वळला. "यू सॉ दॅट?"

"रोज बघायचे. ओट्याजवळच्या खिडकीतून."

"पण तू तर बाहेर येऊन ओरडायचीस, भिंत घाण होते म्हणून."

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

मला रडू फुटलं, आणि त्याला ते बघवेना. तो वर गेला. पाच वाजून दहा मिनिटांनी त्याच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला. मी जिन्याखाली उभी राहून ऐकलं, तो कोचला सॉरी म्हणत होता.

आता तो तिथेच खेळतो. गेमच्या दिवशी मी त्याचा फोन येण्याआधी स्वतः लावते आणि 'हॅलो'च्या आधी सांगून टाकते, छान खेळलास रे. मग तो हळूच विचारतो, "आई, काय झालंय? बाबा ठीक आहेत ना?"