साडूच्या वरचा मजला

माझ्या सासूबाईंनी दोन जावयांत कधी डावं-उजवं केलं नाही. मला शर्टाचं कापड आलं की साडूलाही तेच, त्याच रंगाचं. श्रीखंड वाढताना त्या दोन्ही वाट्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि डोळे बारीक करून बघायच्या. धोंड्याच्या महिन्यात कर्वेनगरच्या त्यांच्या छोट्या घरात त्यांनी आम्हां दोघांना पाटावर बसवून तेहतीस-तेहतीस अनारशांचं वाण दिलं, वर एकेक चांदीचा दिवा. दिवेही एकाच वजनाचे, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. त्यांच्या या न्यायामुळे मला एक सवय लागली. स्वतःच्या ताटाकडे बघायच्या आधी मी शेजारच्या पाटाकडे बघायला लागलो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एका सरकारी खात्यात नोकरी. स्कूटरवरून यायचा, पोटभर जेवायचा आणि हात धुऊन झाले की मिळेल तिथं आडवा व्हायचा. सोफा, सतरंजी, एकदा तर आमच्या बाल्कनीतली वेताची खुर्ची. दोन मिनिटांत घोरणं सुरू. मी सॉफ्टवेअरमध्ये. कारखान्यातली नोकरी सोडून संगणकाच्या धंद्यात शिरलो तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं. पुढं पगार वाढत गेला, अमेरिकेच्या वाऱ्या झाल्या, वारज्यात तीन खोल्यांचं घर झालं, दारात गाडी आली, तेव्हा तीच माणसं मुलांना माझं उदाहरण द्यायला लागली. त्या काळात साडू मला फार आवडायचा. आपल्यापेक्षा कमी पगाराचा माणूस आवडायला काही कष्ट पडत नाहीत.

त्याच धोंड्याच्या जेवणात, दुसऱ्यांदा मसालेभात घेता घेता, तो सहज म्हणाला, "दादा, आम्ही वाघोलीला फ्लॅट बुक केला. चौथा मजला. दोन बेडरूमचा."

वाघोलीला तेव्हा खडीच्या गाड्या, धूळ, शेतं आणि शेतांत उभे केलेले मोठमोठे बोर्ड होते. मी हसलो, अभिनंदन केलं, "बरंच लांब आहे हो," असंही म्हणालो. पण घास काही गोड लागेना. स्कूटरवाला माणूस फ्लॅट घेतो आणि आपल्याला विचारतसुद्धा नाही! निदान सल्ला तरी मागायचा.

पुढच्या रविवारी मी बायकोला घेऊन वाघोलीला गेलो. "नुसतं बघायला," असं म्हणून गेलो आणि संध्याकाळी चेक देऊन आलो. त्याच इमारतीत, पाचव्या मजल्यावर, तीन बेडरूमचा. बरोबर त्याच्या डोक्यावर. विक्री-कार्यालयातल्या टाय लावलेल्या मुलानं विचारलं, "राहायला की इन्व्हेस्टमेंट, सर?" मी म्हणालो, इन्व्हेस्टमेंट. बायको खूश होती, दोघी बहिणी म्हातारपणी एका जिन्यात राहतील म्हणून. मी खूश होतो तो त्याच्या घराचं छत म्हणजे माझी जमीन होणार म्हणून. हे तिला कळलं असतं तर तिनं मला तिथंच सोडून दिलं असतं.

मग अमेरिकेतल्या बँका बुडाल्याच्या बातम्या आल्या. पहिल्यांदा आम्ही त्या पेपरात वाचल्या, नंतर ऑफिसात बघितल्या. हिंजवडीला आमच्या मजल्यावर कोपऱ्यात एक लहान मीटिंगरूम होती. सफाईवाल्यांनी सकाळी तिथं पाण्याच्या बाटल्या आणि टिश्यूपेपरचा डबा नेऊन ठेवला की समजायचं, आज कोणाची तरी पाळी आहे. मग दिवसभर प्रत्येक जण फोनकडे बघत काम केल्यासारखं करायचा. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं डबा खाणारा एक जण एका सकाळी गेटवर थांबला. त्याच्या कार्डाला लाल दिवा लागत होता. त्यानं कार्ड पँटवर पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं. मी शेजारच्या फाटकातून आत गेलो. माझं कार्ड वाजलं. मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. त्याचा आणि माझा पगार जवळपास सारखाच होता, वयही सारखंच, बेचाळीस-त्रेचाळीस. या वयाच्या माणसाला दुसरीकडे कोणी उभं करत नाही, हे आम्ही दोघंही जेवताना बोलत असू.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे कुठलंही संकट ती उदाहरण सोडवल्यासारखं सोडवते. ती म्हणाली, "आपण रंगीत तालीम करू. पुढचा पगार आलाच नाही असं धरायचं. तो थेट ठेवीत टाकायचा आणि माझ्या शिकवण्यांवर घर चालवून बघायचं. कुठं अडतंय ते आत्ताच कळेल."

अशी आमची तालीम सुरू झाली. गाडी झाकून ठेवली, मी कंपनीच्या बसनं जायला लागलो. हॉटेल बंद, क्रेडिट कार्ड कपाटात. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच जातो म्हणून स्वतंत्र विमा काढायला गेलो, तर तपासणीत रक्तदाब निघाला. नोकरी जाण्याच्या भीतीनं चढलेल्या रक्तदाबासाठी जास्त हप्ता भरून विमा घेतला. मी सुचवलं, पोळ्यांच्या बाई काही महिने बंद करू. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उघडला. "तुमची कंपनी करते तेच आपण करायचं का?" तिनं विचारलं. बाई राहिल्या.

महिनाअखेर तिनं हिशेब मांडला. नोकरी गेली तरी घराचा हप्ता, मुलीचा क्लास, किराणा, सगळं धरून आम्ही बरेच महिने तग धरू शकत होतो. फक्त वाघोली बसत नव्हती. तिथं प्रत्येक स्लॅब पडला की बिल्डर पुढची रक्कम मागायचा, आणि ती भरली की आमची ठेव भुईसपाट होत होती. भरली नाही, बुकिंग रद्द केलं, तर बिल्डर भरलेल्या पैशांतून चांगला मोठा तुकडा कापून घेणार होता.

"वाघोली सोडावी लागेल," बायको म्हणाली.

"आणि त्यांना काय सांगायचं?"

"कोणाला?"

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला!"

"सांगायचं काय त्यात? पैसे नाहीत म्हणायचं."

एवढं सोपं असतं तर मी ते बुकिंग केलंच नसतं.

आणि नेमका त्याच सुमारास सरकारी नोकरांना नवा वेतन आयोग लागू झाला. साडू पेढे घेऊन आला. "फरकाची रक्कम मिळाली हो, दादा. थोडी हातात, बाकी फंडात." एवढं बोलून त्यानं स्वतःच एक पेढा तोंडात टाकला. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते दुखणं मला आजही आठवतं. मी बारा-बारा तास काम केलं, परक्या देशात बर्फात मुक्काम केले, रात्री-बेरात्री फोन घेतले, आणि हा माणूस दुपारी झोपा काढता काढता निवृत्तीवेतनापर्यंत सुखरूप पोचणार. याला कोणी खोलीत बोलावून पाण्याची बाटली पुढं करणार नाही. याचं कार्ड कधी लाल होणार नाही. मुळात याच्याकडे कार्डच नाही!

"तुमच्याकडे कसं काय? पेपरात काहीबाही येतं," त्यानं विचारलं.

"आमच्याकडे? उत्तम," मी म्हणालो. स्वयंपाकघरात बायकोनं कढई जरा जोरातच आपटली.

तो जाऊन सोफ्यावर आडवा झाला. मी समोर बसून त्याचं घोरणं ऐकत राहिलो. फ्लॅट, फरक, निवृत्तीवेतन या सगळ्यापेक्षा त्याच्या झोपेचा मला जास्त हेवा वाटत होता. मी पहाटे तीनला उठून बसत होतो.

एका शनिवारी मी एकटाच वाघोलीला गेलो. मनात एक वेडी आशा होती, की काम बंद पडलं असेल. मंदीत कितीतरी बिल्डरांची कामं बंद पडली होती. फाटकावरचा राखणदार मला ओळखत होता. "जोरात काम हाय, साहेब," तो म्हणाला. "चौथ्याचा स्लॅब झाला. आता तुमचाच मजला." मी वर बघितलं. साडूचं घर उभं होतं. त्याच्यावर नुसत्या सळया होत्या.

बायकोनं बहिणीला सगळं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दोघींत कधीच काही लपून राहत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळायला हवं होतं. आठवडाभरात साडू आला. बराच वेळ हवा-पाण्याच्या गप्पा झाल्या. मग घसा साफ करून म्हणाला, "दादा, एक अडचण होती. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. चौथ्या मजल्यावर वारा लागत नाही असं ही म्हणते. तुमचा पाचवा जर आम्हाला दिलात... बिल्डरशी मी बोललोय. लहान फ्लॅट पटकन विकले जातात, मोठे पडून राहतात, त्यामुळे आमचा चौथा परत घ्यायला तो तयार आहे. कापाकापी काही नाही. तुमचे भरलेले पैसे मी पूर्ण देतो. घरासाठी फंडातून काढता येतात."

एका मजल्यानं वाऱ्यात किती फरक पडतो हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. तरी तो याचकासारखा सोफ्याच्या कडेवर बसला होता आणि मी जमीनदारासारखा मागं रेलून म्हणालो, "बघू. विचार करून सांगतो."

तो गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "विचार झाला असेल तर फोन करा." मी केला.

पैसे आले, ठेवीत गेले. आमची तयारी पूर्ण झाली. नोकरी जाण्यासाठी इतकं सज्ज घर वारज्यात दुसरं नसेल. आणि नोकरी गेली नाही. मीटिंगरूममध्ये टिश्यूचा डबा जात राहिला, माणसं निघत राहिली, माझं कार्ड रोज वाजत राहिलं. वर्षभरानं नवी भरती सुरू झाली, पगारवाढही झाली. वाघोलीचे भाव आम्ही बुकिंग केलं तेव्हापेक्षा कुठल्या कुठं गेले. मी पेपरात घरांच्या जाहिरातींचं पान आलं की ते न वाचता उलटायला लागलो.

तीन वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, कर्वेनगरच्या घरात सगळे मावतही नव्हते, म्हणून त्यांनी ठरवलं की जेवण धाकट्या लेकीकडे, वाघोलीला. पाचव्या मजल्यावर. त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. वास्तुशांतीला मी ऑफिसचं काम काढलं होतं. हॉल मोठा होता, उजेड भरपूर होता आणि वारा, खरं सांगायचं तर, छान होता. आम्हां दोघांना पाटावर बसवलं. तेहतीस अनारसे त्याला, तेहतीस मला. सासूबाईंनी या खेपेलाही दिव्यांची वजनं सांगितली. मी पाटावरून भिंती बघत होतो. इथं मी पुस्तकांचं कपाट केलं असतं. तिथं झोपाळा.

जेवण झाल्यावर साडू म्हणाला, "चला, घर दाखवतो." दोन खोल्या दाखवल्या. तिसऱ्या खोलीचं दार उघडलं. आत मोठा पलंग, नवी गादी, खिडकीशी लिहायचं टेबल. कोणी राहत असल्याची काहीच खूण नव्हती.

"ही तुमची," तो म्हणाला.

"म्हणजे?"

तो जरा ओशाळला. "त्या वर्षी वाटलं होतं, देव न करो, नोकरीचं काही झालंच, वारज्याचं घर भाड्यानं देऊन हप्ते भरायची वेळ आली, तर तुम्ही कुठं जाल? ताईंना आणि पोरीला घेऊन? दोन बेडरूममध्ये आपण सगळे मावलो नसतो. म्हणून तर मोठा मागितला. तुमचा सोडून दुसरा घेतला असता, पण कापाकापीत तुमचे पैसे गेले असते."

ठेव, विमा, किराणा, क्लास, सगळं आम्ही मोजून ठेवलं होतं. पगार थांबला तर माझ्या कुटुंबानं झोपायचं कुठं, हे या माणसानं ठरवून ठेवलं होतं, आणि इतके दिवस त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. राग आला. आणि उभ्या आयुष्यात वाटला नव्हता इतका त्याचा हेवा वाटला, कारण त्याच्यावर अशी वेळ आली असती तर मला त्याच्यासाठी खोली सुचली नसती.

"पडा थोडा वेळ, दादा," तो म्हणाला. मला पलंग दिला, स्वतः खाली चटई टाकली आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. मी त्या नव्या गादीवर डोळे उघडे ठेवून पडून राहिलो.