दोन मडक्यांतला निळा

निजामाच्या अख्ख्या मुलखात माझ्या मुरुम गावच्या मामांइतका झटपट निकाल देणारा माणूस नव्हता; निकाल फक्त दुसऱ्याच्या घरचा असायला हवा. कुणी कुठला बैल घ्यावा, पोराला उर्दू शाळेत घालावं की दुकानावर बसवावं, मामा सुपारी कातरता कातरता सांगून मोकळे. स्वतःच्या घरी मात्र वांगी करायची की दोडका, एवढं विचारलं तरी त्यांना घाम फुटायचा. एकदा तर दोन पायांत दोन निराळे जोडे घालून ते उमरग्याच्या बाजारात गेले. "दोन्ही बरे व्हते, कुणाला मागं ठिवावं?" हा त्यांचा खुलासा.

हे सगळं हसण्यावारी जायचं, पण त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या, शांताच्या लग्नात ते अंगाशी आलं. आधीच्या दोन चांगल्या स्थळांना मामांनी "इच्यार करून कळवतो" म्हणून सांगितलं. त्यातल्या एका घरी मामांचा होकार पोचला तेव्हा तिथं बारशाच्या घुगऱ्या वाटणं चालू होतं. आता तिसरं स्थळ सोमवारी यायचं होतं. हेही हातचं गेलं तर काय, या काळजीनं मामीचं जेवणावरचं मन उडालं होतं.

पाहुण्यांसाठी बैठकीच्या खोलीला निळा चुना द्यायचं ठरलं. मामांनी दोन मडक्यांत चुना कालवला. एकात नीळ बेताची, तो अस्मानी. दुसऱ्यात चिमूटभर जास्त, तो जवसाच्या फुलाचा. भिंतीवर दोन पट्टे ओढले आणि तिथंच घोडं अडलं. ओला चुना वेगळा दिसतो, सुकला की फिका पडतो. मामा सुकलेल्या पट्ट्यांवर पाणी शिंपडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. टपालवाला, कासार, पत्ता विचारायला आलेला तहसिलीचा चपराशी, सगळ्यांना आत बोलावून विचारून झालं. मी अस्मानी म्हणालो, तर म्हणाले, "तुजं बी बरोबर हाय. म्हणूनच तर पंचाईत!"

रविवारी दुपारी मामा तिसऱ्यांदा देवळातल्या जंगमांचं मत घ्यायला गेले, तशी शांता उठली. तिनं एक मडकं दुसऱ्यात ओतलं, डिंकाचं पाणी घातलं आणि पदर खोचून अंबाडीच्या कुंच्यानं चारी भिंती उरकल्या. मामा परतले ते उंबऱ्यातच थबकले. मामा मटकन खाली बसले. "सुटलो गं बाय! लई ब्येस केलंस." इतका हलका झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

सोमवारी पाहुण्यांनी चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन विचारलं, "मग, काय म्हणता?" मामांनी शांताकडे पाहिलं. तिनं खाली मान घालूनच होकार दिला. "ठरलं!" मामा म्हणाले, आणि मामी आत जाऊन चक्क रडली.

शांता सासरी गेली. तो निळा पुन्हा कुणाला जमला नाही. किती कशात मिसळलं होतं, तिचं तिलाच ठाऊक. मामा मात्र बाजारातून आले की दारातूनच हाक मारत, "शांते, वांगी का दोडका?" आणि मग आठवून दोन्ही भाज्या मामीपुढं ठेवत. मामी दोन्ही शिजवायची.