बॉनेटखालचं कुंकू

मला एका जागी बसता येत नाही. शाळेत मास्तर विचारायचे, तुझ्या बुडाखाली इंगळ्या आहेत काय रे. पन्नाशी उलटली तरी तेच. फोन आला की मी अंगणात फेऱ्या घालतो, ताटावर बसलो की पाय हलतो, आणि काही मनाला लागलं की मग विचारूच नका. बायको म्हणते, तुमच्या चालण्यानं फरशी झिजली. गेली दोन वर्षं मला एक गोष्ट लागून राहिली होती. बायको सोडून ती कुणाला सांगितली नव्हती, आणि ती दाबून टाकायची म्हणून की काय, मी नव्या गाडीचं खूळ डोक्यात घेतलं.

आधी ती गोष्ट सांगतो. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलेलं. नऊ माणसं आणि माल तपासणाऱ्या एक बाई, एवढाच पसारा. आम्ही व्हॉल्व्ह गाइड करतो. गाइड म्हणजे करंगळीएवढी, बिडाची, पोकळ नळी. पेट्रोलच्या इंजिनात व्हॉल्व्ह वर-खाली होतो तो या नळीतून. बाहेरच्या माणसाच्या हातात ती दिली तर तो विचारतो, हे काय, नळाचं आहे का? पण तिच्याशिवाय इंजिन चालत नाही, आणि तिच्यावर आमची दहा घरं चालतात, माझं अकरावं.

आमचा माल जिथं जातो त्या कंपनीतल्या खरेदीच्या साहेबानं दोन वर्षांपूर्वी मला बोलावून घेतलं. चहा पाजला आणि म्हणाला, "पुढची मॉडेल्स बॅटरीवरची येणार. तुमच्या पार्टची ऑर्डर हळूहळू कमी होत जाईल. आतापासून काही बघून ठेवा." परत येताना कागलच्या अलीकडं हायवेला गाडी बाजूला घेतली आणि दहा मिनिटं ट्रकांच्या वाऱ्यात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. वर्कशॉपला पोचलो तर दारातच मिस्त्री उभे.

"काय म्हणाला सायब?"

"माल चांगला आहे म्हणाला," मी म्हणालो.

हे मिस्त्री वडिलांच्या काळापासून आमच्याकडे. मी कॉलेजातून आलो तेव्हा लेथवर माझा हात त्यांनीच धरला होता. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. माल गेल्याशिवाय घरी जायचे नाहीत. दर शनिवारी टेम्पोत खोकी भरली की वरून दोरी तेच आवळणार, दुसऱ्या कुणाच्या गाठीवर त्यांचा विश्वास नाही. अशा माणसाशी मी पहिल्यांदा खोटं बोललो, आणि मग रोज बोलत राहिलो. न सांगणं म्हणजे खोटं नव्हे अशी मनाची समजूत घालून पाहिली. ती टिकली नाही.

तर गाडी. लहान, उंच आणि महागडी. आत कातडी सीटा, वर अख्ख्या छपराला काच. आमच्या आळीत वळायला लहान, आणि पाहुण्यांच्या दारात उभी केली तर चारजण विचारतील अशी. एकाच गाडीचे तीन प्रकार होते, पेट्रोल, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक. बाहेरून तिघी जावा एका साडीत. शोरूममधल्या बाई हातकणंगल्याच्या, बोलायला मोकळ्या. त्या म्हणाल्या, "सर, तिन्ही चालवून बघा की. बघायला काय जातंय?"

पेट्रोलची घेऊन मी कागलपर्यंत गेलो. चालवत होतो कुठला, ऐकत होतो. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, सोळा गाइड. आपल्या नसतील, दुसऱ्या कुणी केलेल्या असतील, पण गाइड त्या गाइड. गाडी वेग घेताना मला उगाच अभिमान वाटला. वाटलं, हीच घ्यावी, मिस्त्रींना आवडेल.

हायब्रिड राजारामपुरीतून रंकाळ्यापर्यंत नेली. सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं, निघालो की गाडी गुपचूप बॅटरीवर सरकायची आणि मध्येच इंजिन जागं व्हायचं. ते नेमकं कधी बंद पडतं आणि कधी सुरू होतं हे बाकी कुणाला कळणार नाही, मला कळत होतं. आत माझ्यासारखंच कुणीतरी बसलंय असं वाटलं, ना धड बसून ना धड उभं. बायको निपाणीची, व्यापाऱ्याच्या घरातली. ती मागच्या सीटवरून म्हणाली, "हीच घ्या. दोन्ही डगरींवर हात राहील." वर म्हणाली, "नाहीतरी तुम्हाला गाडी कुठं निवडायची आहे? मिस्त्रींना काय वाटेल तेवढंच तुम्ही मोजताय." खरं बोललं की मला रागच येतो.

तिसरी, इलेक्ट्रिक, राधानगरी रस्त्याला नेली. शहर सुटलं, ऊस संपून भात दिसायला लागलं. आवाज नाही. समोरून मोटरसायकलवर दुधाच्या किटल्या चालल्या होत्या, त्यांचा खणखणाट काच बंद असूनही ऐकू आला. पायाखालून थरथर नाही, गिअर नाही, पाय उचलला की गाडी आपसूक धीमी होते. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर लक्षात आलं, माझा डावा पाय हलत नव्हता. तो मोकळाच होता, हलायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि तरी तो स्वस्थ होता. मला ती गाडी आवडली. मनापासून आवडली. आमच्या पोटावर पाय देणारी वस्तू, आणि मी तिच्या प्रेमात पडलो. याची लाज वाटली, ती अजून वाटते.

महिनाभर मी या पायावरून त्या पायावर होतो. शेवटी इलेक्ट्रिक बुक केली. मनात म्हटलं, वर्कशॉपला न्यायचीच नाही, तिथं जुनीच वापरू. पण कोल्हापुरात गाडी लपत नाही. बुकिंगच्या आठवड्यातच माल तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "मालक, गाडी घेतलीसा म्हणं? पेढं कुठायत?" आणि मिस्त्री म्हणाले, "खंडेनवमीला आणा. पूजा हितंच करायची."

आता खंडेनवमीला आमच्याकडे एक रीत आहे, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. मशिनं बंद ठेवून डिझेलनं पुसतात, झेंडूच्या माळा घालतात, ते सगळीकडेच. गाड्यांची पूजा लोक बाहेरून करतात, पत्र्यावर स्वस्तिक आणि चाकाला नारळ. आमच्याकडे बॉनेट उघडतात. माणसांच्या मोटरसायकली असतील तर इंजिनाला हळदकुंकू, आणि मालकाची गाडी असेल तर बॉनेट उघडून आत इंजिनाच्या डोक्यावर. वडिलांनी त्यांच्या जुन्या जीपपासून हे सुरू केलं. म्हणायचे, पत्र्याला काय ओवाळायचं, आपलं आत आहे. पूजेच्या ताटात त्या आठवड्यातल्या मालातली एक गाइड ठेवायची, हेही त्यांचंच. वडील गेल्यापासून कुंकू मिस्त्री लावतात.

ते टाळायला मी काय काय केलं ते सांगताना आता हसू येतं. गाडी दसऱ्यानंतर द्या म्हणून शोरूमला फोन केला, तर त्या बाई म्हणाल्या, सर, एवढा चांगला मुहूर्त कोण सोडतंय? दोन दिवस आधीच गाडी दारात आली. मग मी मंडईत जाऊन झेंडूचा हा एवढा मोठा हार करून घेतला आणि पुढच्या नंबरप्लेटवर अडकवला. इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी असते ना. ती झाकायची होती. मागची पाटी भिंतीकडं येईल अशी गाडी उलटी घेऊन लावली. पन्नाशीतला माणूस, वर्कशॉपचा मालक, आणि हाराआड पाटी लपवत होता.

सगळे गाडीभोवती जमले. काचेच्या छपराचं कौतुक झालं. एकजण कातडी सीटवर बसून लगेच उठला, म्हणाला, माझी पँट तेलाची हाय. मिस्त्री ताट घेऊन आले. "बॉनेट उगडा, मालक."

मी म्हणालो, "राहू दे, मिस्त्री. नवीन गाडी आहे, बाहेरूनच लावा."

"आसं कसं? आपलं आत हाय की."

मी आतली कळ ओढली. मिस्त्रींनी एका हातानं बॉनेट वर केलं आणि दुसऱ्या हाताची बोटं कुंकवात बुडवून आत नेली. मग त्यांचा हात तसाच थांबला. बॉनेटखाली एक काळी प्लॅस्टिकची पेटी होती. स्वच्छ, रिकामी. बाजारातली पिशवी ठेवायला कंपनीनं दिलेली जागा. मागचे सगळे वाकून बघायला लागले. कुणीतरी हसला आणि गप्प झाला.

मिस्त्री पेटीकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले.

"मालक, आपलं कुठं हाय ह्यात?"

आवाजात राग नव्हता. हरवलेली किल्ली विचारावी तसं विचारलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. सगळे समोर होते, मशिनं बंद होती, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी म्हणालो, "अहो, बायकोच्या हौसेची गाडी आहे. आपल्या धंद्याशी तिचा काय संबंध?" बायको पेढ्यांचा पुडा घेऊन बाजूलाच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

मिस्त्रींनी ताटातली गाइड उचलली, तिला हळदकुंकू लावलं, एक झेंडू वाहिला आणि ती त्या रिकाम्या पेटीत ठेवली. बॉनेट बंद केलं. जाता जाता नंबरप्लेटवरचा हार नीट सरळ केला, पाटी दिसेल असा.

घरी निघालो. पहिल्याच वळणावर पुढून आवाज आला, टण्, आणि मागोमाग गडगड. गाइड पेटीत लोळत होती. पेट्रोलच्या गाडीत असली नळी वाजली तर कुणाला कळणारही नाही. या गाडीत दुसरा आवाजच नव्हता. ब्रेक लावला की ती पुढं जायची, निघालो की मागं. डावीकडं वळलो की उजव्या भिंतीवर आपटायची. बायकोनं विचारलं, काय वाजतंय? मी म्हणालो, नवीन आहे, बसायचंय अजून. ती म्हणाली, "काय बसायचंय? गाडी की तुम्ही?"

काढून टाकायला एक मिनिट लागलं असतं. रोज सकाळी मी बॉनेटपाशी जाऊन उभा राहायचो. दोनदा उघडलंही. फूल वाळून गेलं होतं, कुंकू प्लॅस्टिकला लागलं होतं. हात पुढं जायचा नाही. पूजेची वस्तू आहे असं मी स्वतःला सांगायचो, पण खरं कारण ते नव्हतं हे मला ठाऊक होतं. ज्या गाडीत माझा पाय पहिल्यांदा थांबला होता, तिच्यात आता मला दहा मिनिटं सुखानं बसवेना. रंकाळ्याला फिरायला नेली तरी तीन-चार ठिकाणी थांबून खाली उतरायचो. गाडीत सगळं मऊ, गार, गुळगुळीत, आणि पुढं ती गडगड.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी, टेम्पो भरून झाला आणि चहा आला तेव्हा मी मशिनं बंद करायला सांगितली. सगळे चहाचे कप घेऊन उभे राहिले. मिस्त्री टेम्पोची शेवटची गाठ मारून आले. मी फेऱ्या घालत घालतच बोललो, उभं राहून मला जमलं नसतं. साहेब काय म्हणाला होता ते जसंच्या तसं सांगितलं. दोन वर्षं झाली हेही सांगितलं. दुसरं काम शोधतोय, पंपाच्या पार्टचं एके ठिकाणी बोललोय, अजून होकार नाही, हे सांगितलं. गाडी बायकोच्या हौसेची नाही, मला आवडली म्हणून मी घेतली, हेही सांगून टाकलं. माल तपासणाऱ्या बाईंनी कप खाली ठेवला.

मिस्त्रींच्या हातात उरलेली दोरी होती. ती ते कोपरावर गुंडाळत होते.

"ठाव हाय आमास्नी," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? पयला ही दोरी पुरत न्हवती, गाठ माराय टोक हुडकाय लागायचं. आता दर शनवारी एवडी उरतीया. खोकी कमी जात्यात की मालक. दोन वर्सं झाली, मी आवळतोय न्हवं?"

"मग विचारलं का नाही?"

"तुमी कवा सांगतासा ते बगत हुतो."

मी तिथल्याच एका रिकाम्या खोक्यावर बसलो. मग प्रश्न सुरू झाले. ऑर्डर किती दिवस राहील, पंपाच्या पार्टला आपली मशिनं चालतील का, कुणाचा भाऊ गोकुळ शिरगावात कुठल्याशा कारखान्यात आहे, त्याला विचारू का. काहींचा आवाज चढला, एकजण मला बरंच बोलला, आणि ते त्याचं बरोबर होतं. उत्तरं माझ्याकडे अर्धीच होती. चहा गार झाला तरी कुणी हललं नाही, मीही नाही.

टेम्पो निघाला. माणसं पांगली. मिस्त्रींनी दोरी खुंटीला अडकवली, मोटरसायकल काढली आणि माझ्या गाडीपाशी येऊन थांबले. बॉनेटवर दोन बोटं टेकवली.

"आता काडा ते आतलं," ते म्हणाले. "लई वाजत आसंल."

ते वाजतं हे मी वर्कशॉपमध्ये कुणालाच बोललो नव्हतो.