तेवीस धडे बाकी

बुद्धघोष सरांनी जेवणाच्या डब्याचं झाकण काढलं. आत भाकरी न्हाय, रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी.

"एसटीत लई धूळ जोतीराम," म्हनले. "भाकरीवर बसली तर झटकून खाता येती."

इंदापूरच्या कॉम्प्युटर क्लासात मी मशीनी सांभाळायचो. नववीतनं शाळा सोडलेली. माझं बूड एका जागी टिकत न्हाय, पर मशीनीम्होरं टिकायचं. सर बावड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, अजून कायम झाले न्हवते. दर रविवारी यायचे. आमी दोघांनी मिळून त्यांच्या शाळेसाठी प्रोग्रॅम बनवला. कुठला धडा कवा आन् कसा शिकवायचा, ती समदी टाचणं वर्गावार एका जागी. आन् कडंला एक रकाना: झालं का बाकी.

त्या रकान्यानंच भांडण लावलं. मास्तर लोक महिन्याची टाचणं एका बैठकीत लिहून सही घ्यायचे. वहीत धडा झाला म्हंजी झाला. सर मातुर शनिवारी पोरांनाच विचारायचे काय काय शिकवलं, आन् तेच भरायचे. सत्त्याण्णवच्या जानेवारीत तपासणी लागली, तवा दहावीचे तेवीस धडे बाकी दिसत हुते.

मुख्याध्यापक मोहनराव सरांना म्हनले, "समदं झालेलं दिसू द्या. तुमाला कायम करायचा कागद माझ्याच सहीनं जातो."

सरांनी मला हे सांगितलं. मी म्हनलो, "त्यात काय, एक ओळ टाकतो. समदं झालं हुतंय."

"आन् पोरांच्या डोक्यात कुठली ओळ टाकू?"

"नोकरी गेली म्हंजी?"

"बाकी हाय ते बाकीच छाप. मी च्या सांगून येतो."

ते गेले आन् मी ओळ टाकली. एसटीची येळ झालीच हुती. कागदाची घडी करून त्यांच्या पिशवीत कोंबली. मला काय वाईटबिईट वाटलं न्हाय. असला मास्तर घरी बसवून पोरांचं काय भलं हुनार हुतं?

फुडच्या रविवारी सर आले न्हाईत. त्याच्या फुडच्याबी न्हाय. मग कळलं, कायम झाले. मनात म्हनलो, काम झालं, आता जोतीराम कशाला लागतोय. तरी क्लासातला एकजन "तुझा सर इसरला की रं" म्हनला, तवा त्याची कॉलर धरली.

दोन वर्सांनी भिगवणला मासळीच्या हाटेलात वैष्णवी भेटली, त्याच दहावीतली. तिच्याकडनं कळलं. सरांनी घडी न उघडताच माझा कागद मोहनरावांना दिला हुता; बघितला तो मोहनरावांनी तपासणीच्या साहेबांम्होरं ठेवल्यावरच. गप बसले. तपासणीनंतरच्या रविवारपास्नं दहावीची पोरं शाळेत बोलवायला लागले. सात रविवार. विज्ञान झालं, मग इतिहास, भूगोल, सरांचे नसलेले धडेबी. वहीतल्या यादीवर एकेक टिक करायचे. पोरं कुरकुरली की एवढंच म्हनायचे, "साहेबांना झालं म्हनून लिहून दिलंय. आता झालं पायजे."

तेविसावी टिक परीक्षेच्या आदल्या रविवारी झाली.