प्लग काढलास काय गो?

आभाळातल्या विजेला मी घाबरते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाला मी शूर वगैरे वाटायला नको. माझं माहेर संगमेश्वरकडचं. लहानपणी आमच्या परसातल्या फणसावर वीज पडली. झाड उभं चिरलं, आणि त्याच क्षणी माजघराच्या भिंतीतला स्विचबोर्ड उडून समोरच्या भिंतीवर आपटला. मधे कुणी नव्हतं म्हणून निभावलं. तो फणस आता मला नीट आठवतही नाही, पण तो बोर्ड अजून डोळ्यांसमोर आहे. वीज बाहेर पडते आणि तारेतून घरात शिरते, हा धडा मला पुन्हा कुणी शिकवायची गरज पडली नाही.

लग्न होऊन रत्नागिरीजवळच्या ज्या गावात आले, ते सड्यावर वसलेलं. सडा म्हणजे खाली उघडा जांभा दगड, वर आभाळ, आणि मधे आम्ही. आसपास उंच म्हणावं असं काही असेल तर आमच्याच माडांचे शेंडे. त्यामुळे इथे विजेची भीती माझ्या एकटीची नव्हती, सगळ्या वाडीची होती, आणि त्या भीतीची एक रीत होती. दूर कुठे पहिलं गडगडलं की ज्याच्या कानावर ते आधी पडेल त्याने गडग्यापाशी, म्हणजे दोन घरांमधल्या दगडी कुंपणापाशी, जाऊन शेजारच्या घराला हाक द्यायची, ‘प्लग काढलास काय गो?’ त्या घराने भिंतीतले प्लग काढायचे, ‘काढला गो’ म्हणून उत्तर द्यायचं, आणि आपल्या पलीकडच्या घराला तीच हाक द्यायची. अशी ती गडग्यागडग्यावरून वाडीच्या टोकाला पोचायची. वर्षानुवर्षं एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावासुद्धा ही हाक चुकवत नसत. भांडण भांडणाच्या जागी.

आमच्या घराला हाक यायची ती शेजारच्या काकींची. काकींना दमा आहे, चार पावलं चालल्या की बसतात, पण गडगडलं की त्यांचा आवाज असा लागतो की आमचा कुत्रासुद्धा आत येऊन बसतो.

मुलगी बारावीत गेली तेव्हा या सगळ्यात संगणक आला. तिला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा सराव करायचा होता, आणि मोबाइलच्या एवढ्याशा काचेत डोळे खुपसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. घरात संगणक हवा, यावर आमचं तिघांचंही एकमत होतं. कुठला घ्यायचा, हे मात्र तिघांपैकी एकालाही कळत नव्हतं. नेमका गणपतीच्या दिवसांत पेपरातून एक रंगीत कागद घरात पडला. त्यावर कौलारू घर, बाजूला माड, माडाच्या डोक्यावर कडाडणारी वीज, आणि घरात संगणकासमोर हसत बसलेली मुलगी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कोकणासाठी खास घरगुती संगणक. आभाळातून वीज कोसळली तरी बेफिकीर! प्लग काढायची गरजच नाही.’

ज्याने कुणी तो कागद लिहिला असेल, त्याला आमचं दुखणं बरोबर ठाऊक होतं. मला चित्रातल्या त्या मुलीचं हसू बघवेना. कागद घडी करून मी चुलीपाशी नेऊन ठेवला, तर ह्यांनी तो तिथून शोधून काढला.

आमचे हे आंब्याचे बागायतदार. हापूसच्या पेटीचं झाकण उघडलं की नुसत्या वासावरून सांगतात, वरचा थर इथला आणि खालचा कुठला तरी लांबचा. हापूस म्हणून भलताच आंबा गळ्यात मारणाऱ्यांना शिव्या घालण्यात ह्यांचा अख्खा उन्हाळा जातो. त्याच माणसाने तो कागद दोन्ही हातांत धरून वाचला, आणि मला म्हणाले की एवढं छापलंय म्हणजे काही उगाच छापलं नसेल. मी म्हटलं, पेटीवर पण छापलेलं असतंच की. त्यावर, तुला काय कळतंय त्यातलं, असं उत्तर आलं. त्यातलं ह्यांनाही कळत नव्हतं, पण ते बोलायची सोय नव्हती.

एस.टी. स्टँडजवळच्या एका हॉलमध्ये त्या संगणकाचं प्रदर्शन होतं. टाय लावलेला विक्रेता रॅम, प्रोसेसर असलं काय काय धडाधडा सांगत होता आणि आम्ही तिघं कीर्तनाला बसल्यासारखे माना हलवत होतो. मग त्याने संगणकाबरोबर मिळणारी एक पांढरी पेटी पुढे ठेवली. ती भिंतीतल्या प्लगला जोडायची, संगणक तिला जोडायचा, आणि तिचा हिरवा दिवा पेटलेला असला की निर्धास्त राहायचं. मला एकच गोष्ट विचारायची होती. गडगडायला लागलं की आम्ही प्लग काढतो, तसा काढला तर चालेल ना?

‘काढायचा नाही, वहिनी,’ तो हसत म्हणाला. ‘मधेच प्लग ओढलात तर मशीन बिघडेल, आणि गॅरंटीही जाईल.’

घाबरण्याची सवय असलेल्या बाईला आता प्लग काढण्याचीही भीती घालून त्याने संगणक आमच्याबरोबर पाठवून दिला.

पुढच्या आठवड्यातच दुपारी गडगडलं. काकींची हाक आली. माझा हात सवयीने भिंतीकडे गेला, तोच मुलगी ओरडली, ‘आई, नको, गॅरंटी जाईल.’ ह्यांनी अंगणातूनच काकींना सांगितलं, ‘आता आमचा काढायला लागत नाय.’ काकी गडग्यापलीकडून म्हणाल्या, ‘बरा हाय बाबा तुमचा.’ टीव्हीचा, फ्रीजचा प्लग मी काढला, संगणकाचा तसाच ठेवला, आणि पलीकडच्या गडग्यापाशी जाऊन पुढच्या घराला हाक दिली, ‘प्लग काढलास काय गो?’ स्वतःचा प्लग भिंतीत ठेवून हे विचारताना माझा आवाज मलाच खोटा वाटला.

त्या दिवशी काही झालं नाही. त्यानंतर गडगडलं तेव्हाही काही झालं नाही. घरात सगळ्यांचा विश्वास बसला. चोर आला नाही म्हणून दार सताड उघडं टाकून झोपायचं, त्यातला हा प्रकार. माझी भीती मात्र वाढतच गेली. पूर्वी प्लग काढला, हाक दिली की ती संपायची. आता ती संपवायला हाताला कामच उरलं नव्हतं. आभाळ वाजायला लागलं की मी त्या खोलीच्या दारात उभी राहायची आणि त्या हिरव्या दिव्याकडे बघत बसायची. तळवे ओले व्हायचे. मुलगी हसायची. म्हणायची, तू माझ्यावर पहारा देतेस की दिव्यावर? तिची भीती गेली होती. ती आमच्या घरातली विजेला न घाबरणारी पहिली बाई, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं थोडं कौतुकही वाटायचं.

मग भातकापणी आली. त्या दिवशी सकाळपासून अंगाची नुसती काहिली होत होती. कापलेल्या भाताचे भारे खळ्यात रचलेले होते. मुलगी खोलीत सराव परीक्षेला बसली होती, कानांवर वायरचे हेडफोन, कारण खळ्यातल्या आमच्या बोलण्याने तिचं लक्ष जायचं. ती परीक्षा वेळ लावून असते, मधे उठलं की गेली. दुपार कलली तसं सह्याद्रीकडून आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस त्या बाजूनेच येतो. भारे भिजू नयेत म्हणून मी आणि हे प्लॅस्टिकचा कागद घेऊन धावलो. एक टोक ह्यांच्या हातात, दुसरं माझ्या. वारा सुटला होता आणि कागद हातात ठरत नव्हता.

तेवढ्यात पहिलं गडगडलं, आणि ते दूर नव्हतं. काकींची हाक आली. उत्तर द्यायला कुणी मोकळं नव्हतं, म्हणून त्यांनी पुन्हा दिली, आणि या वेळी नेहमीचे शब्द नव्हते.

‘गो, पोर खय हाय तुझी?’

माझ्या हातातून कागद सुटला. हे मागून ओरडत होते की भात भिजेल, तिला काही होत नाही, ते मशीन तसलंच आहे. मी पळत होते. पायातली चप्पल कुठे गेली ते कळलं नाही. खोलीत ती दाराकडे पाठ करून बसलेली, कानांवर हेडफोन, एक हात माउसवर, आणि बाजूला तो हिरवा दिवा शांतपणे पेटलेला. मी हाक मारली, तिला ऐकू आली नाही. प्लगकडे जायची मला हिंमत झाली नाही, तो माहेरचा बोर्ड डोळ्यांसमोर आला. मी तिची वेणी धरली आणि मागे ओढली. खुर्चीसकट आडवी झाली ती. हेडफोन कानांवरून निसटून टेबलावर पडले. तिला तशीच फरफटत मी माजघरात आणली. ती माझ्या हातावर मारत रडत होती, ‘आई, माझी परीक्षा गेली. वेड लागलंय का तुला?’

तिचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं, आणि सगळं घर पांढरं झालं. आवाज मला आठवत नाही. कान बधिर झाले होते, आणि कसला तरी जळका वास येत होता. मागच्या माडाचा शेंडा पेटला होता. मुलगी माझ्या अंगाला इतकी घट्ट चिकटली होती की तिच्या छातीची धडधड कुठली आणि माझी कुठली ते कळत नव्हतं. हे धावत आले, दारात उभे राहिले आणि आम्हा दोघींकडे नुसते बघत राहिले. मग खोलीत डोकावले आणि तिथेच उंबरठ्यावर खाली बसले.

पांढरी पेटी फुटून तिचे तुकडे विखुरले होते. भिंतीतला बोर्ड निघून लोंबत होता, वरपर्यंत काळा पट्टा उठला होता. संगणकातून धूर येत होता. हेडफोनची वायर टेबलाला वितळून चिकटली होती, आणि कानावर बसतो तो भाग काळा पडला होता. ह्यांनी तो उचलला, परत खाली ठेवला, पुन्हा उचलला. भात रात्रभर भिजलं, त्याबद्दल ह्यांनी चकार शब्द काढला नाही.

सकाळी ह्यांनी मोहोरावरची कीड बघायचं भिंग आणलं आणि तो रंगीत कागद उलटसुलट करून तपासला. चित्राच्या अगदी तळाशी, गवताच्या रंगात मिसळलेली एक ओळ सापडली: आकाशातील विजेने झालेल्या हानीस कंपनी जबाबदार नाही. हॉलमधलं प्रदर्शन तर केव्हाच उठलं होतं. कागदावरच्या नंबरवर मी फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक माणूस आला. मी सगळं सांगितलं. मुलगी थोडक्यात वाचली, हेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

‘पण मॅडम, तुम्ही प्लग का नाही काढलात?’ तो म्हणाला. ‘विजा होत असताना प्लग काढायचा असतो, एवढं तर सगळ्यांनाच माहीत असतं.’

मला संताप आला. आमची पिढ्यान्‌पिढ्यांची भीती त्यांनी एका रंगीत कागदावर आमच्याकडून काढून घेतली होती, आणि आता तीच मला शहाणपण म्हणून परत देत होते. मी फोन ठेवला.

दोनतीन दिवसांनी पुन्हा गडगडलं. त्या खोलीत आता काढायला काही उरलं नव्हतं, भिंतीत नुसतं काळं भोक होतं. पलीकडून काकींची हाक आली, ‘प्लग काढलास काय गो?’ मी उठायच्या आत मुलगी उठली. टीव्हीचा, फ्रीजचा प्लग काढून ती त्या खोलीत गेली, भिंतीतल्या भोकापासून लांब उभी राहून त्याच्याकडे नीट बघून आली. मग गडग्यापाशी जाऊन म्हणाली, ‘काढला गो, काकी,’ आणि पलीकडच्या गडग्याकडे वळून तिने पुढच्या घराला हाक दिली. परत येऊन ती माजघरात मधोमध, सगळ्या भिंतींपासून लांब, गुडघे पोटाशी घेऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले, आणि तिने माझा हात धरला. तिचा तळवा ओला होता, अगदी माझ्यासारखा. आता ती विजेला घाबरते, याचं मला बरं वाटायला हवं होतं. मला रडूच आलं.