लेण्यांवरचं टाकं

सकाळी साडेसातला गंगापूर रोडवरच्या एका बंद शोरूमसमोर आम्हा सव्वीस जणांना पिवळ्या टोप्या वाटल्या गेल्या, तेव्हाच मला शहाणपण सुचायला हवं होतं. ज्या सहलीत टोपी सक्तीची असते ती सहल लहान मुलांची असते, नाहीतर मूर्खांची. आमच्यात लहान मूल एकही नव्हतं.

सहलीचं नाव होतं 'प्राचीन नाशिक, एका दिवसात'. दोन हजार वर्षं एका दिवसात उरकायची. वेळापत्रकाचा गुळगुळीत कागद हातात पडला, त्यात लेण्यांना एक तास होता, सिन्नरच्या गोंदेश्वराला पाऊण तास आणि धरणाजवळच्या वाइनरीला अडीच तास. म्हणजे प्राचीन काय आहे आणि नाशिकला कशाची ओढ आहे, हे त्या कागदानंच सांगून टाकलं होतं.

तिकिटं माझ्या धाकट्या भावानं काढली होती. तो पुण्यात असतो आणि आईची आठवण आली की मोबाइलवरून काहीतरी घेऊन पाठवतो. एकदा पाय चेपायचं यंत्र आलं, एकदा सुका मेवा आला. या वेळी सहल आली. मी त्याला फोनवर म्हटलं, "अरे, लेणी आपल्या सिडकोतल्या गच्चीवरून दिसतात. रिक्षानं दहा मिनिटं." तो म्हणाला, "मग अजून का नाही नेलंस?" यावर मी त्याला त्याच्या वागण्याबद्दल दोन शब्द सुनावले.

आई वर्षभर मागे लागली होती. "एकदा लेण्यावर जाऊन येऊ ग." मी वर्षभर "जाऊ" म्हणत होते. तिला काचबिंदू. डावा डोळा गेलेला, आणि उजव्यात समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं सगळं धूसर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जे आहे ते किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. तिला टाकं बघायचं होतं. लेण्यांच्या अगदी पूर्वेकडच्या टोकाला, शेवटच्या गुंफेच्याही पुढं, खडकात कोरलेलं एक पाण्याचं टाकं आहे. आईचे वडील त्या लेण्यांवर पहारेकरी होते. आई लहानपणी पाथर्डीहून चालत येऊन त्यांना भाकरी पोचवायची, आणि भाकरी खाऊन झाली की ते टाक्याच्या काठावरच्या सपाट दगडावर कोळशानं तिला अक्षरं काढून द्यायचे. ते स्वतः रात्रीच्या शाळेत शिकत होते. आदल्या रात्री शिकलेलं दुसऱ्या दिवशी पोरीला द्यायचं, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. त्या दगडावर शिकलेली पोरगी पुढं बालवाडीची बाई झाली, आणि तिची पोरगी म्हणजे मी, गेली तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवते. तर ते टाकं आणि तो दगड तिला नजर आहे तोवर एकदा बघायचा होता. बाकी गोंदेश्वराशी आणि वाइनरीशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

लेण्यांवर जायचं म्हणून तिनं पांढरी साडी नेसली होती. आमच्याकडे तसंच नेसतात. बसमध्ये शेजारच्या बाईंनी, ज्यांच्या गॉगलच्या काड्यांवर खडे होते, तिच्याकडे बघून आवाज खाली आणला आणि विचारलं, "कधी गेले?"

"कोण?" आई म्हणाली.

"मिस्टर."

"ते होय. लय वर्षं झाली." आईनं पदर सारखा केला. "ही लेण्यावर जायची साडी हाय."

बाईंना ते काही कळलं नाही. त्यांनी सहानुभूती म्हणून आईला पेपरमिंटची गोळी दिली. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण आईनं गोळी तोंडात टाकून माझ्या मांडीवर हात ठेवला, म्हणजे गप्प बस.

आमचा गाइड तिशीतला. लिननचा कुर्ता, गालाशी माइक, कमरेला छोटा स्पीकर आणि गळ्यात शिट्टी. लेण्यांच्या पायथ्याशी त्यानं जाहीर केलं की या डोंगरात एक विशेष ऊर्जा आहे. दगडाला तळहात लावून डोळे मिटले की व्हायब्रेशन जाणवतात. वीस-बावीस पिवळ्या टोप्या ताबडतोब दगडाला चिकटल्या. एका निवृत्त बँक मॅनेजरांना जाणवलीसुद्धा. त्यांच्या खिशात फोन थरथरत होता, हे त्यांच्या बायकोनं सांगितलं.

आई त्या वेळी खालच्या बुद्धविहाराकडे तोंड करून हात जोडून उभी होती. मग आम्ही चढायला लागलो. दोनेकशे पायऱ्या, आणि ती प्रत्येक पायरी आधी पायानं चाचपायची. टोप्या आम्हाला ओलांडून पुढं जात होत्या. जाता जाता कुणी "शाब्बास आजी" म्हणायचं, एकानं तर तिचा व्हिडिओ काढला. आई थांबली, दम घेतला आणि म्हणाली, "पहिलं मी हे पळत चढायची. डोक्यावर टोपलं." तिचा चेहरा इतका खुलला होता की मी भावावरचा रागही विसरले.

वर पोचलो तेव्हा गाइडचं सुरू झालं होतं. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत सगळे गोळा झाले होते. ही ओसरी खालून सहा बुटके गण खांद्यावर तोलून धरतात आणि तिच्या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला लेख आहे. राजाच्या आईनं हे लेणं भिक्खूंना राहायला दिल्याचा लेख. मी मुलांना शिकवताना त्या लेखावर एक अख्खा तास घेते.

"मंडळी," स्पीकर म्हणाला, "वनवासात पांडव इथं राहिले. एका रात्रीत त्यांनी हे कोरलं. खाली जे दिसतात ते भीमानं पकडून आणलेले राक्षस. आणि आत या ज्या खोल्या दिसतात ना, त्यात प्रत्येक भावाची एकेक बेडरूम."

आत अठरा खोल्या आहेत. मी विचारलं, "पाच भावांना अठरा बेडरूम? एवढं तर गंगापूर रोडचा बिल्डरसुद्धा देत नाही."

दोघं-चौघं हसले. माझं तिथंच बिघडलं. वर्गात पहिलं हसू मिळालं की मला थांबता येत नाही, हे मला माहीत आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही.

आईनं माझी ओढणी ओढली. "येतेस का ग टोकापर्यंत? हात धर नुसता. पुढं वाट नीट दिसत नाय."

"एक मिनिट, आई."

गाइड म्हणाला, "ताई, लोकांची श्रद्धा असते." मी म्हटलं, श्रद्धा घरी ठेवा आणि तुमच्या डोक्यावरच्या भिंतीवर काय लिहिलंय ते बघा. तो म्हणाला, ती जुनी संस्कृत आहे. मी म्हटलं, प्राकृत आहे, आणि लिपी ब्राह्मी. मग बँक मॅनेजर मध्ये पडले. "मॅडम, सोडा ना. आम्हाला दोन्ही बाजू चालतील." दोन्ही बाजू! कर्ज देतानाही हे असंच म्हणायचे की काय कोण जाणे. खड्यांच्या गॉगलवाल्या बाईंनी विचारलं, "पण पांडवलेणी म्हणतात ना सगळे?" मी म्हटलं, "सगळे आपल्या सिडकोला 'नवीन नाशिक'ही म्हणतात, म्हणून ती नवीन आहे का?" हे तितकंसं लागू नव्हतं, पण टाळी पडली.

ओढणी पुन्हा ओढली गेली. मी मागं न बघता हात वर केला, वर्गात कुणी मध्येच बोलायला लागलं की करते तसा.

मग मी सगळंच सांगितलं. भिक्खू, व्यापारी, दान, पावसाळ्यातला वर्षावास. कुणीतरी मोबाइलवर शोधून "मॅडम बरोबर आहेत" असा निकाल दिला. जी गोष्ट त्यांच्या डोक्यापासून दोन हातांवर दगडात कोरलेली होती, ती त्यांना फोननं सांगितल्यावर पटली. गाइडचा चेहरा उतरला, पण तो धंद्यात मुरलेला होता. "ताईंसाठी जोरदार टाळ्या," म्हणाला. टाळ्या झाल्या. तीन-चार जणांनी माझ्याबरोबर फोटो काढले. मी टोपी काढून केस सारखे केले, हेही सांगायला हवं.

आणि शिट्टी वाजली. तास संपला होता.

आई ओसरीच्या कडेला बसली होती, पूर्वेकडे तोंड करून. तिच्या दोन्ही तळहातांना भिंतीची धूळ लागली होती आणि साडीचा एक सोगा गुडघ्यापाशी मळला होता. एकटी निघाली असणार, भिंत चाचपत, आणि कुठंतरी सावलीत पायरी न दिसून मागं फिरली असणार. मी तिला रुमाल दिला. खालून गाइड शिट्टीवर शिट्टी फुंकत होता. "चला, उशीर होतोय," मी म्हणाले. मीच म्हणाले.

सिन्नरपर्यंत मी बसमध्ये बोलत होते. त्या माणसाला कसं गप्प केलं, लोक कसे काहीही ऐकून घेतात, पैसे देऊन अडाणी होतात. आई खिडकीकडे बघत होती. गोंदेश्वरला गाइडनं माझ्याकडे चोरून बघत बघत माहिती दिली आणि मी दोनदा मान हलवून ती पास केली. मला त्याची फार मजा वाटली.

वाइनरीत एका तरुण मुलीनं पेला कसा धरायचा, कसा फिरवायचा, कसा हुंगायचा हे वीस मिनिटं शिकवलं. सगळे मन लावून ऐकत होते. कुणालाही दुसरी बाजू नको होती. लेण्यांवर ज्यांना तास लांब वाटला होता ते सगळे पेल्यात नाक घालून बसले होते, आणि बँक मॅनेजरांना आता जांभळाचा वास जाणवत होता. आईनं ताकाचा ग्लास मागवला. तो हातात धरून ती म्हणाली, "टाकं राहिलं."

तेव्हा कुठं ते माझ्या लक्षात आलं. "अगं, मग काय झालं? पुढच्या रविवारी रिक्षानं जाऊ. आपण दोघीच. या गाढवांशिवाय."

"हो, जाऊ," आई म्हणाली.

पुढच्या रविवारी मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा निघाला. मग बोर्डाच्या परीक्षा, मग पेपर तपासणी. मग ऊन इतकं की ऐंशीच्या बाईला डोंगर चढवणं शक्य नव्हतं, आणि पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळ येतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पोळ्याच्या सुमाराला एका सकाळी आई चहा घेताना म्हणाली की आज लाइट गेली आहे का. लाइट गेलेली नव्हती.

मी नंतर एकटी गेले. टाकं आहे तिथंच आहे, आता त्याच्यावर जाळी बसवली आहे. काठावर सपाट दगड एक नाही, तीन आहेत. आजोबांचा कुठला ते मला सांगता येणार नाही. मी तिन्हींचे फोटो काढले आणि मग माझ्या लक्षात आलं की हे मी कुणाला दाखवणार. तिसऱ्या लेण्यापासून तिथपर्यंत मी पावलं टाकत वेळ मोजून पाहिला. आईचा हात धरून, तिच्या चालीनं, सात-आठ मिनिटं लागली असती.

त्या गाइडबद्दल, त्या टोप्यांबद्दल माझं मत अजूनही तेच आहे. पांडव तिथं नव्हते. पण माझी आई होती, मागं उभी, आणि तिला मी हात वर करून थांबवलं.

परवा संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो. आईची खुर्ची अजून डोंगराकडेच तोंड करून असते, तिनंच तशी ठेवायला सांगितली आहे. ती म्हणाली, "त्या दिशी लेण्यावर लय वेळ चाललं होतं तुमचं. मला मागं काय ऐकू येत नव्हतं. शेवटी कोण बरोबर निघालं?"

"मी," मी म्हणाले.

"मग बरं झालं," आई म्हणाली. तिला टोमणा मारता येत नाही, कधीच आला नाही. तिनं चहाच्या कपासाठी हात पुढं केला, आणि मी तो तिच्या हातात नीट दिला.