बाबांची करंगळी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. विज्ञानावर लिहिण्याइतकं मला अजून येत नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करावं.

गुरुग्रामच्या पुढे मी ज्या प्रयोगशाळेत शिकतो, तिथल्या आमच्या मॅडम तुटलेले मज्जातंतू पुन्हा कसे वाढतात आणि तोवर मेंदूतले रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या जागा, कसे बदलतात ते शोधतात. माझं काम छोटं आहे. उंदराच्या तळपायाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवायचा आणि तो पाय उचलतो का ते पाहायचं. औषध कुठल्या उंदराला दिलंय, हे मला सांगत नाहीत.

"कळलं की तुला हवं तेच दिसायला लागेल," मॅडम म्हणतात. "उंदीर तुझं मन राखत नाही, तूही त्याचं राखू नकोस."

मागच्या हिवाळ्यात घरी काचेची बरणी फुटून बाबांचं मनगट कापलं. आतला मज्जातंतू शिवला, जखम भरली, पण करंगळी बधिरच राहिली. बाबा दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहात स्वयंपाकी आहेत. बोट तव्याला लागायचं आणि फोड आल्यावरच दिसायचं. शेवटी ते आपणहून तव्यापासून उठले आणि भाजी चिरायला बसले. पुन्हा तव्यापाशी जाता येईल का, हे ते कुणाला विचारत नव्हते.

रविवारी घरी गेलो की मी त्यांना डोळे मिटायला सांगायचो आणि करंगळीला पेन्सिल टेकवायचो.

"कळतंय?"

"बिल्कुल कळतंय."

"खरंच?"

"अरे यार, डॉक्टर तू की मी?"

"मी डॉक्टर नाही, बाबा. उंदीर बघतो."

"मग मलाही उंदीर समज. चलो, पुढे."

एकदा मी पेन्सिल टेकवलीच नाही. नुसतं विचारलं, "आता?"

"हो, कळतंय की," बाबा म्हणाले. मिटल्या डोळ्यांनी हसत होते.

मी पेन्सिल खिशात ठेवली. माझं शिक्षण वाया गेलंसं मला वाटू नये, म्हणून ते बरे होत होते. त्यानंतर मी विचारणं सोडलं. आईलाही म्हटलं, तू विचारू नकोस.

हिवाळा गेला, उन्हाळाही गेला. घरून काहीच कळेना.

काल दुपारी उंदरांच्या खोलीतून बाहेर आलो, तर आईचा फोन.

"तुझे बाबा चिडलेत. सुट्टी म्हणून पोळ्या करत होते, बोट तव्याला लागलं. पोळी जमिनीवर."

"कुठलं बोट?"

"करंगळी. नळाखाली धरलीय. आग होतेय म्हणतात."

"तू विचारलंस का त्यांना?"

"मी कशाला विचारू? मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. ओरडले, म्हणून खाली आले."